सीट कव्हर: मटेरियलच्या आधी फिटिंग, फिटिंगच्या आधी एअरबॅग

दुकानात पाऊल टाकल्या टाकल्या गिऱ्हाईक विचारतं, "वहिनी, नप्पा कितीला बसंल?" नप्पा म्हणजे मऊ लेदरसारखं दिसणारं कव्हर. दर मी नंतर सांगते. आधी बाहेर येऊन गाडी बघते. मॉडेल कुठल्या सालचं, पुढच्या सीटला दाराच्या बाजूला एअरबॅगचा बिल्ला आहे का, मागं लहान मूल बसतं का, आणि या गाडीतून नुसती माणसं जातात की मालपण जातो.

सांगलीत शंभर फुटी रोडला आमचं कुशनचं काम आहे. दीर फिटिंग बघतात, मशीनवर मी असते. पूर्वी टेम्पोच्या सीटा आणि जीपची हुडं शिवायचो, आता निम्म्याहून जास्त काम कारच्या कव्हरांचं. दुरुस्तीला येणारी कव्हरं उसवून बघितली की मटेरियल बऱ्याचदा धडधाकट असतं. घोळ फिटिंगमध्ये असतो. ढिलं कव्हर बसता-उठता सरकतं, सरकलं की सगळी ओढ शिलाईवर येते, आणि ड्रायव्हरच्या सीटची दाराकडची कड सगळ्यात आधी जाते, कारण तिथूनच माणूस घासून आत शिरतो. म्हणून हजार रुपये जास्त घालायचे असतील तर ते मऊ लेदरवर घालू नका, तुमच्याच मॉडेलच्या मापाचं कव्हर घेण्यावर घाला. 'सगळ्या गाड्यांना चालतं' असं कव्हर कुठल्याच गाडीला धड चालत नाही.

आता तो बिल्ला. पुढच्या सीटच्या पाठीला, दाराकडच्या कडेवर, छोटी कापडी पट्टी शिवलेली असते आणि तिच्यावर इंग्रजीत 'एअरबॅग' लिहिलेलं असतं. ती दिसली की त्या सीटच्या आत एअरबॅग आहे असं समजा. स्टिअरिंगमधली वेगळी, डॅशबोर्डमधली वेगळी, छताच्या कडेला असते ती पडद्यासारखी उघडणारी वेगळी. ही सीटमधली एअरबॅग बाजूनं धडक बसली तर बरगड्या वाचवते. पापणी लवायच्या आत ती फुगते आणि सीटच्या कडेची शिलाई फाडून बाहेर येते. तेवढ्यासाठीच कंपनीनं तिथली शिलाई बेतून केलेली असते. त्याच्यावरून आपण फोमचं जाड कव्हर ओढलं आणि नायलॉनच्या दोऱ्यानं डबल शिलाई मारली, तर तिला बाहेर पडायला वाट राहत नाही. अडकते, उशिरा फुगते, नाहीतर भलतीकडं तोंड काढते.

गाडीबरोबर मिळालेलं पुस्तक ग्लोव्ह बॉक्समध्ये पडून असतं, ते एकदा काढा. बहुतेक कंपन्यांनी त्यात लिहिलेलं असतं की बाजूची एअरबॅग असलेल्या सीटवर कव्हर घालू नका, किंवा घालायचंच तर आम्ही मान्य केलेलंच घाला. शोरूममधलं कंपनीचं कव्हर महाग पडतं खरं, पण बिल्ला असलेल्या गाडीला तोच सरळ मार्ग आहे. बाहेरून करून घ्यायचं असेल तर त्या कडेला पूर्ण खिडकी ठेवून घ्या, म्हणजे एअरबॅगच्या जागी कव्हरचं कापडच नको, मूळ सीट उघडी दिसली पाहिजे. आम्ही असंच करतो. त्यावर हमखास तक्रार येते, "कडेला आतलं कापड दिसतंय की ओ." दिसू दे. बाजारात 'एअरबॅगला चालतं' असं छापलेली तयार कव्हरं मिळतात. कव्हर उलटं करून ती कड बघा. बाकी सगळीकडं आहे तसाच जाड दोरा, तशीच दुहेरी शिलाई आणि वरून पायपिंग, म्हणजे कडेची गोल गोट, तिथंही दिसलं, तर ते छापलेलं नुसतं छापलेलंच आहे.

आणखी एक गोम. एकाच नावाच्या गाडीची सात-आठ वर्षांपूर्वीची सीट आणि आताची सीट सारखी नसते. हल्ली बऱ्याच गाड्यांच्या खालच्या मॉडेललाही सहा एअरबॅग येतात, जुन्यात दोनच असायच्या. दुकानदारानं नुसतं गाडीचं नाव विचारून कव्हर काढून दिलं तर घेऊ नका. साल, मॉडेल, मागची सीट अखंड आहे की दोन भागांत दुमडते, हेडरेस्ट सुटे आहेत की सीटलाच जोडलेले, मध्ये आर्मरेस्ट आहे का, एवढं त्यानं विचारलंच पाहिजे. बसल्यावर वारा सोडणाऱ्या सीटा असतील तर कव्हरच घालू नका. भोकं बुजवायला पैसे कशाला द्यायचे?

मटेरियलचं थोडक्यात सांगते. आमच्या लाईनीत 'नप्पा' म्हणून जे विकतात ते जवळपास नेहमी पीयू असतं, म्हणजे कापडावर चढवलेला कृत्रिम थर. खरं कातडं या भावात मिळत नाही. पीयू मऊ असतं, दिसायला छान, पण वर्षानुवर्षं दमट राहिलं की त्याचे पापुद्रे सुटतात. रेक्झिन म्हणजे पीव्हीसी टणक असतं, पाण्याला दाद देत नाही, पण एप्रिल-मेच्या उन्हात गाडी उभी राहिली की बसवत नाही आणि जुनं झालं की घडीवर तडकतं. कापडी कव्हर हवा खेळती ठेवतं, पाठ ओली होत नाही, पण डाग धरतं. टॉवेलचं कव्हर घाम पितं, काढून धुता येतं आणि स्वस्त पडतं. साहेबलोकांच्या गाडीत पाठीवर पांढरा टॉवेल टाकतात त्याला लोक हसतात, पण उन्हाळ्यात त्याच्याइतकं सोयीचं काही नाही. फक्त तो पाठीवरून सरळ खाली सोडायचा, कडेनं गुंडाळून पिना मारायच्या नाहीत. कारण वर सांगितलंच.

दुकानात कव्हर हातात आलं की रंग बघण्याआधी शिलाई बघा. दोन बोटांनी शिलाईच्या दोन्ही बाजू धरून जरा ताणा. दोऱ्याच्या टाक्यांमधून उजेड दिसला तर ताण कमी दिलेला आहे, ते उसवणार. टाके फार जवळ जवळ असतील तर तेही वाईट. लेदरला, म्हणजे आपल्या या पीयू-रेक्झिनलाही, सुई जाते तिथं भोक कायमचं पडतं, कापडासारखं ते भरून येत नाही. म्हणून बारीक टाका घातलेलं लेदर ओढ बसली की टपालाच्या तिकिटासारखं भोकांच्या रेषेवर फाटतं. मी तीन-चार मिलिमीटरचा टाका ठेवते. मग कव्हर उलटं करा. शिलाईच्या पलीकडं कापड निदान सेंटीमीटरभर सोडलेलं पाहिजे. काहीजण कापड वाचवायला अगदी कडेवर शिवतात, वरून ते कळत नाही, बसल्यावर कळतं. शेवटी एक कोपरा घट्ट दुमडून सोडा. घडीवर पांढरी रेघ राहिली तर ठेवून द्या परत.

छोट्या गाडीचा तयार सेट तीन-चार हजारांपासून मिळतो, मापानं शिवलेलं चांगलं कव्हर त्याच्या दुप्पट जातं. फोम किती हे विचारा. लोकांना जाड फोम आवडतो, गादीवर बसल्यासारखं वाटतं म्हणून. मला नाही आवडत. जाड फोमनं सीट उंच होते, बेल्टचं बकल आत बुडतं, आणि मागं तिघं बसले की बकल शोधता शोधता माणूस बेल्ट लावायचं सोडूनच देतो.

कोणी काय घ्यावं? मार्केट यार्डात जाणं-येणं असेल, हळदीच्या हंगामात कपड्यांना हळद लागूनच घरी येत असाल, तर फिकं कापडी कव्हर नको. गडद, गुळगुळीत पीयू घ्या, पुसून निघतं. जोतिबाला दरवर्षी जाणाऱ्यांनाही हेच सांगते, गुलाल कापडात शिरला की पुढच्या चैत्रापर्यंत मुक्काम करतो. तासगावकडची द्राक्षवाली मंडळी बागेतून थेट गाडीत बसतात, अंगावर फवारणी, पायाला माती. त्यांनी ड्रायव्हरच्या सीटला काढून धुता येईल असं टॉवेलचं कव्हर घ्यावं, बाकीच्या सीटांना हवं ते. सगळ्या सीटांना एकसारखंच पाहिजे असा काही कायदा नाही. पोरं मागं बसून भडंग खाणार असतील तर मागच्या सीटला कापड नकोच. तेल आणि तिखट एकदम मुरतं. फक्त ऑफिस आणि घर करणाऱ्या माणसाला मात्र मी कापडीच सुचवते. आणि कंपनीकडूनच लेदरच्या सीटा आल्या असतील तर कव्हर घालूच नका. मूळ सीटवर कव्हर, त्यावर टॉवेल, त्यावर मण्यांचं आसन अशा गाड्या मी बघते. विकायच्या दिवशी सीट कोरी करकरीत निघते, म्हणजे तिच्यावर पहिल्यांदा बसणार तो दुसराच कोणीतरी.

नव्या गाडीच्या सीटवरचं प्लास्टिक फाडायला लोकांचा जीव होत नाही. ते पहिल्या दिवशी काढा. ते एअरबॅगच्याही आड येतं, त्याच्याखाली घाम आणि दमटपणा कोंडतो, आणि ब्रेक मारला की माणूस घसरतो. प्लास्टिकवरूनच कव्हर चढवा म्हणणारेही येतात. त्यांना मी सरळ नाही म्हणते.

तीच गोष्ट ओल्या सीटची. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी गावात शिरलं, कितीतरी गाड्या सीटभर पाण्यात उभ्या होत्या. सीटचं कापड दोन दिवसांत वाळतं, आतला फोम वाळत नाही. वरून कव्हर घातलं की वास आणि बुरशी आतच राहते. सीट गाडीतून काढून, उन्हात ठेवून, फोम दाबून हात कोरडा निघेपर्यंत थांबायचं. मात्र सीट काढायचं काम मेकॅनिककडून करून घ्या, खाली एअरबॅगची वायर असते. जुनी गाडी घेणाऱ्यांनी तर हे लक्षातच ठेवावं: नव्या कोऱ्या कव्हरला भुलू नका. कव्हर उचलून सीटच्या रुळांवर गंज आहे का बघा, बोल्ट बघा, आणि सीटबेल्ट अगदी शेवटपर्यंत बाहेर ओढा. पुरात बुडालेल्या गाडीच्या बेल्टवर, एरवी गुंडाळलेला राहतो त्या भागात, गाळाची रेघ सापडू शकते.

आता बसवायचं कसं. तयार कव्हर असेल तर घरी जमतं. एक सकाळ मोकळी ठेवा आणि जोडीला एक माणूस घ्या.

कव्हर पिशवीतून काढून आधी अर्धा तास उन्हात पसरा. घडीतलं लेदर ताठ असतं, ऊन लागलं की ताणलं जातं. पावसाळा असेल तर केस वाळवायचा ड्रायर लांबून फिरवा. इस्त्री लावू नका, पीयू चिकटतं. कव्हरं तापतायत तोवर सीटा व्हॅक्यूमनं साफ करा, विशेषतः पाठ आणि बैठक यांच्यातली फट. वाळूचा खडा खाली राहिला तर तो मूळ सीटला घासत बसतो. मग तुकडे लावून बघा. डावं कुठलं, उजवं कुठलं? एअरबॅगची खिडकी दाराच्या बाजूला आली पाहिजे. मी आतून खडूनं खूण करून देते, कारण पाठीचे दोन्ही तुकडे वरवर बघता एकच वाटतात.

हेडरेस्ट काढा. दांड्याच्या बुडाशी बटण असतं, ते दाबून वर ओढायचं. काही गाड्यांत एका दांड्याला बटण आणि दुसऱ्याला नुसतं बारीक भोक असतं, त्यात साडीची पिन किंवा पेपर क्लिपची तार घालून दाबावं लागतं. हिसके देऊ नका, आतली प्लास्टिकची खाच तुटते आणि मग हेडरेस्ट कायमचा डुगडुगतो.

सुरुवात पाठीपासून. कव्हर अर्धं उलटं करून वरच्या दोन कोपऱ्यांवर बसवा, कव्हरची मधली शिलाई सीटच्या मधल्या शिलाईवर आणा, आणि मग दोन्ही बाजूंनी सारखं, थोडं थोडं खाली उतरवा. एक बाजू पूर्ण ओढून मग दुसरीकडं गेलात तर मधली रेघ वाकडी होते आणि परत पहिल्यापासून. पाठ खाली आली की तिची पट्टी पाठ-बैठकीच्या फटीतून मागं सारायची असते. सीट जरा मागं कलती केली की फट उघडते. हात जात नसेल तर लाकडी उलथनं वापरा, स्क्रूड्रायव्हर नको, लेदरला भोक पडतं. मागून जोडीदारानं पट्टी धरून ओढायची आणि वेल्क्रो किंवा झिप लावायची. वेल्क्रो पहिल्यांदा हलकंच लावा, बैठक बसली की परत काढून घट्ट करावं लागतं.

बैठकीचं कव्हर पुढून मागं. उंची कमी-जास्त करायचा दांडा, पाठ कलती करायचा खटका आणि बेल्टचं बकल त्यांच्या त्यांच्या चिरेतून बाहेर आले पाहिजेत. मग खाली वाका, हातात टॉर्च घ्या. सीटच्या पोटाखाली स्प्रिंग आणि लोखंडी चौकट दिसेल, इलॅस्टिकचे हूक तिथं अडकवायचे. वायरीला हूक लावायचा नाही. पिवळ्या रंगाचा कनेक्टर दिसला तर तो एअरबॅगचा, त्याला हात लावू नका. सरकायच्या रुळावरही हूक नको, सीट मागं घेतली की तो कापला जातो. समोरासमोरचे हूक जोडीनं लावा, म्हणजे ओढ सारखी राहते.

मागच्या सीटची बैठक बऱ्याच छोट्या गाड्यांत पुढच्या कडेला क्लिपांनी बसवलेली असते. पुढून दोन्ही हातांनी धरून वर उचललं की निघते. काही गाड्यांत बोल्ट असतो, म्हणून आधी वाकून बघा, मग जोर लावा. कव्हर घालून बैठक परत ठेवताना सगळी बकलं वर काढा. एक जरी खाली राहिलं तर मधल्या माणसाला बेल्ट नाही. पाठ-बैठकीच्या फटीत लहान मुलांची सीट अडकवायच्या कड्या असतात, आयसोफिक्सच्या. त्यांच्यावर कव्हरला चीर नसेल तर करून घ्या. मुलाची सीट ढिल्या, फुगीर कव्हरवर बसली की हलते. मुलाच्या सीटचा खटका सरळ कडीतच गेला पाहिजे, मध्ये कापडाचा बोळा नको.

सगळं झालं की पुढच्या सीटा एकदा पूर्ण पुढं, पूर्ण मागं घ्या. पाठ कलती करा, उंची बदला. पाचही बेल्ट लावून बघा, 'टक' आवाज आला पाहिजे. जुलै 2019 पासूनच्या नव्या गाड्यांत ड्रायव्हर आणि शेजारच्या सीटला बेल्टची आठवण करून देणारा आवाज सक्तीचा आहे. शेजारी माणूस बसवून, बेल्ट न लावता तो वाजतोय का बघा. कव्हर घालायच्या आधी वाजत होता आणि आता गप्प असेल, तर खाली काहीतरी दबलंय किंवा ओढलं गेलंय. सुरकुत्यांची काळजी नको. बसून बसून आणि उन्हानं त्या आठवड्याभरात बसतात. तेव्हा हूक आणि वेल्क्रो परत एकदा ओढून घ्या. आमच्याकडं त्यासाठी गाडी परत बोलावतो. दुकानातून बसवून घेणार असाल तर हे आधीच ठरवून घ्या, नंतर कोणी ओळख देत नाही. आणि कोणी मूळ कापड उसवून किंवा सीटला पिना ठोकून कव्हर पक्कं करतो म्हणाला, तर गाडी घेऊन निघा.

साफसफाईला ओलं फडकं आणि भांड्याच्या लिक्विडचे दोन थेंब पुरतात. सॅनिटायझर, थिनर, डेटॉल यांनी पीयूचा वरचा थर जातो. चकाकीचं पॉलिश लावलं की सीट निसरडी होते, सीटवर ते नकोच.

हळदीचं वेगळं सांगते, कारण सांगलीत त्याच्याशिवाय भागत नाही. हळद सांडली की पहिल्यांदा पाणी लावू नका. कोरडी असतानाच ब्रशनं झाडा, व्हॅक्यूम करा. मग लिक्विडच्या फडक्यानं टिपा, घासू नका. कपडे धुवायचा साबण किंवा सोडा तर अजिबात नको. हळदीला चुना लावला की कुंकू होतं हे घराघरात माहीत आहे, सोड्यानं सीटवर तेच होतं, पिवळा डाग लाल होऊन बसतो. पुसून जो फिका डाग राहील त्यासाठी काच खाली करून गाडी उन्हात लावा, हळदीचा रंग उन्हात उडतो. फवारणीच्या मोरचूद आणि गंधकाच्या पिशव्या मात्र डिकीत, खाली प्लास्टिकचा ट्रे टाकून. मागच्या सीटवर ठेवणार असाल तर माझ्याकडं पीयू मागू नका, मी रेक्झिनच शिवून देईन.